पाटी दिसते, पोऱ्या दिसत नाही

चित्रकथा हा पोराटोरांचा विषय आहे, कष्टकऱ्यांच्या चळवळीने त्यावर शाई खर्च करू नये, असे मानणारे सज्जन आपल्या पक्षातही थोडे नाहीत. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून आम्हांस असे म्हणावयाचे आहे की, राज्यकर्त्या वर्गाची मने घडविण्याचे काम जितके विद्यापीठांनी केले तितकेच या स्वस्त रंगीत पुस्तकांनीही केले आहे. दुकान म्हणजे काय, त्यात कोण असतो आणि कोण नसतो, याचे जे चित्र उपनगरांतील सुशिक्षित घरांच्या मुलांनी चित्रकथांतून पाहिले, तेच चित्र आज महाराष्ट्राच्या कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसले आहे. पाटी, गल्ला आणि मालक एवढेच त्या चित्रात मावते. माल उतरविणारा, तोलणारा, पुड्या बांधणारा, घरोघर पिशव्या पोचविणारा आणि रात्री शटर आतून ओढून पोटमाळ्यावर आडवा होणारा पोऱ्या त्यात नाही.

ही पुस्तके कोणती, ते आधी सांगितले पाहिजे. टाइम्स ऑफ इंडियाचे मालक बेनेट कोलमन यांनी 1964 साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि ते 1990 पर्यंत चालविले. त्याची मराठी आवृत्तीही निघत असे. 1967 पासून अनंत पै यांच्या संपादनाखाली ‘अमर चित्रकथा’ येऊ लागली, 1980 साली ‘टिंकल’ आले. इंग्रजी शाळांतील मुलांच्या हाती शिवाय ‘आर्ची’, ‘टिनटिन’ आणि ‘ॲस्टरिक्स’. याच काळात गिरगाव-दादरची बिऱ्हाडे बोरिवली आणि मुलुंडकडे सरकत होती. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली अशा स्थानकांबाहेर चिंचोळ्या गाळ्यांतून खाजगी वाचनालये उभी राहिली होती. तेथे चार-आठ आण्यांत चित्रकथा एका दिवसासाठी भाड्याने मिळे. पाने सुटेपर्यंत ती फिरे आणि शेवटी रद्दीवाल्याकडे जाई. हे वाचनालय म्हणजेही एक चिमुकले दुकानच. पण ज्या दुकानाच्या जिवावर चित्रकथा उपनगरांत पसरली, तेही तिच्या चौकटीत कधी आलेले आमच्या पाहण्यात नाही.

मग चौकटीत कोणती दुकाने येतात? ‘इंद्रजाल’मधला फँटम जंगलात असतो तोवर दुकानाचा प्रश्नच उद्भवत नाही. तो कोट-टोपी चढवून शहरात येतो, तेव्हा गुत्त्यात शिरून दूध मागतो. गुत्तेवाला व भोवतालचे दांडगट हसतात, मग ठोसे पडतात, बाकड्यांचा चुरा होतो. दुसऱ्या दिवशी तो चुरा कोण झाडतो आणि फुटलेल्या पेल्यांचे पैसे कोणाच्या पगारातून कापले जातात, हे सांगावयास चित्रकार थांबत नाही. सर्वच वीरनायकांच्या कथांत जवाहिऱ्याचे दुकान आणि पेढी ही लुटली जाण्यासाठी असतात. काच फुटली की दुकानाचे कथेतले काम संपले. मालमत्तेचे रक्षण करणारा देवदूत आकाशातून उतरतो, आणि मालमत्ता कोठून आली हा प्रश्न मागे राहतो.

‘आर्ची’त दुकान अधिक प्रेमळ आहे. रिव्हरडेल गावातल्या पॉप टेटच्या उपाहारगृहात सारी पोरे जमतात. तोच तळतो, तोच वाढतो, तोच फरशी पुसतो. त्याचा मदतनीस आम्हांस तरी आठवत नाही. जगहेड नावाचा पोरगा तेथे उधारीवर खात राहतो आणि त्याची न फिटणारी उधारी हा पिढ्यान् पिढ्यांचा विनोद आहे. ज्यांनी वाण्याची वही पाहिली आहे त्यांना यात हसण्याजोगे फार सापडणार नाही. जानेवारी 1982 मध्ये मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पहिले काही महिने कित्येक घरांतील चूल पेटली ती या वहीवर. पुढे वही भरली, वाणीही थकला, आणि भांडी मोडीत गेली. उधारी हा आपल्या कष्टकरी इतिहासातला एक गंभीर अध्याय आहे. चित्रकथेत ती एका खादाड पोराची लकब आहे.

या साऱ्यावर बोट ठेवले ते चिलीतल्या दोन विचारवंतांनी. आरिएल डॉर्फमन आणि आर्मांड मातेलार यांनी आयेंदे यांच्या राजवटीत, 1971 साली, डोनाल्ड डकच्या कथांची चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: डिस्नेच्या बदकनगरीत वस्तू विकल्या जातात, विकत घेतल्या जातात, चोरल्या जातात, पुरलेल्या धनासारख्या सापडतात, पण त्या कोणी निर्माण करताना दिसत नाही. कारखान्यातला कामगार त्या नगरीतून हद्दपार आहे. स्क्रूजकाकाची तिजोरी भरलेली आहे, ती कोणाच्या घामाने भरली हे विचारणारा तेथे कोणी नाही. 1973 साली पिनोशेचे लष्कर सत्तेवर आले आणि या पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या, समुद्रात बुडविण्यात आल्या. चित्रकथेची चिकित्सा क्षुल्लक आहे असे निदान हुकूमशहांना तरी वाटत नव्हते.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. 1983 साली ‘टिंकल’मध्ये सुपंदी अवतरला. तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने कथा पाठविल्या आणि राम वाईरकरांनी त्या चितारल्या. वाईरकरांच्या रेषेबद्दल आमच्या मनात कौतुकच आहे. तो लांबट डोक्याचा, बावळट चेहऱ्याचा गडी एकदा पाहिला की विसरत नाही. पण सुपंदी कोण आहे? तो नोकर आहे. आज कोणाच्या घरी, उद्या कोणाच्या दुकानी. मालक जे सांगतो त्याचा तो शब्दशः अर्थ घेतो, घोटाळा होतो, मालक कपाळाला हात लावतो, आणि बरेचदा गडी कामावरून जातो. पुढच्या अंकात नवा मालक. नोटीस नाही, उरलेला पगार नाही, केलेल्या कामाचा दाखला नाही. घाटकोपरच्या वसाहतीतल्या मुलाने जन्मात प्रथम पाहिलेला ‘कामगार’ हा असा आहे: मूर्ख, प्रामाणिक आणि केव्हाही बदलता येण्याजोगा.

(येथे एक गोष्ट जाता जाता नमूद करावीशी वाटते. हुकूम शब्दशः पाळून धन्याचे काम बिघडविणे याला आपल्या कामगार चळवळीत ‘नियमानुसार काम’ म्हणतात आणि ते संपाच्या अलीकडचे एक मान्यताप्राप्त हत्यार आहे. सुपंदीला एखादी युनियन भेटली असती तर तो मूर्ख ठरला नसता.)

याच्या उलट, मालक होण्याची गोष्ट मात्र आपल्याकडे फार जुनी व फार लाडकी आहे. ‘कथासरित्सागरा’तला उंदीरशेट मुलांच्या पुस्तकांतून पुन्हा पुन्हा येतो. एका कफल्लक तरुणाला एका श्रेष्ठीकडून मेलेला उंदीर भांडवल म्हणून मिळतो. तो उंदीर मांजरासाठी देऊन हा दोन ओंजळी हरभरे मिळवितो. त्यांचे पीठ आणि पाण्याची घागर घेऊन थकल्याभागल्या लाकूडतोड्यांची वाट पाहत चौकात बसतो. ते कृतज्ञतेने त्याला दोन-दोन लाकडे देतात. शेवटी तो तीन दिवस साऱ्यांची सारी लाकडे विकत घेऊन ठेवतो. मग पावसाची झड लागते, लाकूड मिळेनासे होते, आणि हा शेकडो नाणी मोजून घेतो. त्या पैशाचे दुकान. मुलांना यातून काटकसर व उद्योगशीलता शिकावयाची असते. आम्ही ही कथा पुन्हा वाचली तेव्हा आम्हांस तीत साठेबाजी दिसली. भर पावसात ज्यांना ओल्या चुलीपुढे बसावे लागले त्या बायाबापड्या कथेत नाहीत, आणि कुऱ्हाड चालविणाऱ्यांना नाव नाही. 1972 साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारून लाटणे मोर्चे काढले, ते अशाच उंदीरशेटांच्या गोदामांवर.

मराठी मातीत दुकानाची दुसरीही कथा आहे. देहूच्या तुकोबांकडे महाजनकी होती, वाण्याचे दुकान होते. सतराव्या शतकातल्या त्या भीषण दुष्काळात दिवाळे निघाले, घरात अन्नान्न मरण आले. आणि परंपरा सांगते की, वाटणीस आलेली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. गोरा कुंभार, सेना न्हावी, नरहरी सोनार, सावता माळी, आमचे संत हत्यारासकट, मापासकट उभे राहतात. त्यांच्या वाणीत धंदा आहे. चित्रकथांना त्यांच्या आयुष्यातला चमत्कार अधिक प्रिय असतो. तुकोबांच्या वह्या पाण्यावर तरंगल्या हे प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. कर्जखते बुडाली, हे किती जणांना?

सर्व चित्रकथा एकाच मापाने मोजाव्यात असे मात्र आम्ही म्हणणार नाही. फ्रान्सच्या गोसिनी व उदेर्झो या जोडीने ‘ॲस्टरिक्स’ रचले, त्यात दुकान खरोखरच दुकान आहे. त्यांच्या गॉल खेड्यात कोळ्याचे दुकान आहे, शेजारी लोहाराचे. मासे शिळे आहेत यावरून रोज मारामारी. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना हा कोळी मासे आणवितो ते दूर लुटेशियाहून, म्हणजे पॅरिसहून. बाजार कसा चालतो हे इतक्या थोड्या रेषांत क्वचितच कोणी सांगितले असेल. 1971 सालच्या ‘मॅन्शन्स ऑफ द गॉड्स’ या पुस्तकात सीझर खेड्याभोवतीचे जंगल तोडून रोमन नागरिकांसाठी बहुमजली इमारती बांधावयास काढतो. तलवारीने जे जमले नाही ते घरबांधणीने करावयाचे, हा त्याचा डाव. नव्या इमारतींतल्या रोमन बायका स्वस्त म्हणून खेड्यात खरेदीस येतात, भाव चढतात, आणि पाहता पाहता खेड्यातला जो तो मासळीचे नाहीतर जुन्या शस्त्रांचे दुकान थाटतो. कालचे सखे आज एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात. बांधकामावरचे गुलाम मजुरीचा सौदा करतात, ते पाहून सैनिकही संपावर जातात. 1976 च्या ‘ऑबेलिक्स अँड कंपनी’त तर निरुपयोगी दगडांची मागणी कृत्रिमरीत्या फुगविणे आणि मग ती कोसळणे हा सारा भांडवली खेळच मांडला आहे.

हे पुस्तक अंधेरीच्या, बोरिवलीच्या किती घरांत कपाटात आहे! आणि त्याच घरांच्या खिडकीखाली गेली वीस-पंचवीस वर्षे सीझरचाच डाव पुनर्विकास या नावाने चालू आहे. जुन्या तीनमजली इमारतीच्या तळमजल्यावर किराणावाला होता, त्याच्या शेजारी पीठगिरणी, जिन्याखाली इस्त्रीवाला, फाटकाशी चाव्या करणारा. नव्या बुरुजाच्या माहितीपत्रकात खाली काचेची दुकाने रंगविलेली असतात. पाट्या झगझगीत, पदपथ रिकामा, दोन माणसे हातात पिशव्या घेऊन हसत चाललेली. ते माहितीपत्रकही एक चित्रकथाच आहे. गाळ्याची कागदपत्रे ज्याच्यापाशी आहेत त्याला वाटाघाटीत बसावयास खुर्ची मिळते. जिन्याखालच्या माणसाचे अस्तित्व कोणत्याच कागदावर नसते. आणि किराणावाल्याच्या पोटमाळ्यावर झोपणाऱ्या दोघा पोऱ्यांचे तर कामही गेले आणि निवाराही.

येथून आम्ही कायद्याकडे येतो. मुंबई दुकाने व संस्था अधिनियम 1948 सालचा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतल्या त्या कायद्यात दोष पुष्कळ होते, अंमलबजावणी तर विचारू नये. तथापि एक गोष्ट त्यात नि:संशय होती. दुकान केवढेही असो, त्यात एकच गडी असो, तो गडी कायद्याला दिसत होता. दुकान केव्हा उघडावे, केव्हा बंद करावे, आठवड्यातून एक दिवस ते बंद ठेवावे, गड्याला रजा द्यावी. त्या बंद दिवशी मुलुंडचा पोऱ्या सिनेमाला जाऊ शके, निदान दुपारभर झोपू शके.

2017 साली हा कायदा रद्द होऊन नवा आला, तोच मुळी ‘व्यवसायसुलभता’ या मंत्राचा घोष करीत. नवा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू. दहापेक्षा कमी असतील तर मालकाने व्यवसाय सुरू केल्याची केवळ सूचना द्यावयाची. उपनगरातल्या गल्लीत उभे राहून वाचकांनी स्वतः मोजावे: किती दुकानांत दहा माणसे कामाला आहेत? किराणा, औषधे, कापड, भांडी, चप्पल, मिठाई यांपैकी बहुतेकांत दोन, तीन, फार तर पाच. म्हणजे दुकान कायद्याच्या तासांच्या बंधनातून, साप्ताहिक सुट्टीच्या आणि भरपगारी रजेच्या हमीतून बहुसंख्य दुकाने एका फटकाऱ्यात बाहेर पडली. किमान वेतनाचे नियम आहेतच, असे सरकार म्हणेल. ते कागदावर असून पोटमाळ्यापर्यंत चढत नाहीत, हे कामगार खात्याला आमच्याहून अधिक ठाऊक आहे. आणि 2025 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ही दहाची मर्यादा वीसवर नेण्यास व कामाचे दिवसाचे तास नऊवरून दहा करण्यास मान्यता दिली. आता उपाहारगृहे आणि मोठी कापड दुकानेही या चाळणीतून सुखरूप सुटतील.

या कथेतला खरा विनोद मात्र 2022 सालचा आहे. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही कायद्याखाली आणण्यात आले. कशासाठी? पाटीसाठी! दुकानाचे नाव देवनागरीत, आधी, आणि इतर लिपीतल्या अक्षरांहून लहान नसलेल्या अक्षरांत असले पाहिजे. व्यापारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने दोन महिन्यांत पाट्या लावा असे बजावले, आणि महापालिकेची पथके अक्षरे मोजीत फिरली. दंडाची आकारणी कामगारामागे दोन हजार रुपये. म्हणजे पोऱ्याची मोजणी झाली, पण ती धन्याच्या दंडाचा गुणाकार करण्यापुरती.

गैरसमज नको म्हणून स्पष्ट सांगतो: मराठी पाटीला आमचा विरोध नाही. मुंबईत पाटी मराठीत हवी, हे आम्ही संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे वारस म्हणून मानतो. परंतु ज्या राज्याला पाटीवरच्या अक्षराची उंची मोजावयास माणसे मिळतात, त्याला पाटीखाली उभ्या असलेल्या माणसाचे तास मोजावयास माणूस मिळू नये? हे सरकार दुकानाकडे अगदी चित्रकथेच्या चित्रकारासारखे पाहते. चौकटीत वर नाव लिहिले, खाली गल्ल्यामागे मालक काढला, झाले दुकान. आणि भाषेच्या नावाने आंदोलने करणाऱ्यांनाही आम्ही विचारू इच्छितो की, त्या पाटीखाली कोकणातून आलेला मुलगा असो की राजस्थानातून अथवा उत्तर प्रदेशातून आलेला, त्याची रविवारची सुट्टी गेली तेव्हा आपली पथके कोठे होती?

आता प्रश्न लहान दुकानदाराचा. तो आपला मित्र की शत्रू, यावर पक्षाच्या शिबिरांतून रात्री जागवल्या गेल्या आहेत. 2012 च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने बहुब्रँड किरकोळ व्यापारात 51 टक्के परकीय भांडवलाला दार उघडले, तेव्हा डावे आणि समाजवादी पक्ष व्यापाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून बंदमध्ये उतरले. ते योग्यच होते. दुकानदार वरून चिरडला जातो: गाळ्याचे भाडे, पागडी, घाऊक व्यापारी, मॉल. घाटकोपरचा कच्छी दाणेवाला पहाटेपासून स्वतः पोती ओढतो, त्याला स्क्रूजकाका म्हणणे हा वेडेपणा होय. पण जो वरून चिरडला जातो तो खाली चिरडीत नाही असे नाही. साप्ताहिक सुट्टीचे बंधन सुटले तेव्हा त्याच्या संघटनांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांच्या मोर्चात आपण गेलो, तर त्यांच्या गड्याच्या सुट्टीचा प्रश्न त्यांच्यापुढे मांडण्याचा अधिकार आपण त्याच दिवशी मिळविला आहे. तो वापरला पाहिजे. मित्राला अप्रिय बोलता येत नसेल तर ती मैत्री नव्हे, वर्गणी होय.

आणि दुकानदारानेही हे समजून घ्यावे की, त्याच्या दारातली लढाई आता मॉलशीही राहिलेली नाही. उपनगरांच्या आतल्या रस्त्यांवर, जुन्या गाळ्यांतून व तळघरांतून अशी कोठारे उघडली आहेत की जेथे गिऱ्हाईकाला प्रवेश नाही, गल्ला नाही. त्यांना इंग्रजीत ‘डार्क स्टोअर’ म्हणतात; शब्द अगदी खरा आहे. दहा मिनिटांत घरपोच साखर. आत फडताळांमधून पळत माल वेचणारी मुले, बाहेर दुचाकीवर पिशव्या घेऊन सुटणारी मुले, आणि ही मुले कामगार नसून ‘भागीदार’ आहेत असा कंपनीचा दावा. शंभर वर्षे चित्रकथेने पोऱ्याला चौकटीबाहेर ठेवले. या दुकानाने चौकटच पुसून टाकली. गिऱ्हाईकाच्या भ्रमणध्वनीवर नकाशा येतो आणि त्यावर एक चिमुकली दुचाकी सरकत राहते. तीही एक चित्रकथा, पुन्हा माणसाशिवाय!

दुकान वेगळेही असू शकते, हे याच मुंबईने दाखविले आहे. 1948 सालीच, म्हणजे तो दुकान कायदा झाला त्याच वर्षी, नायगावात कामगारांनी ग्राहक सहकारी मंडळी स्थापन केली. तिचाच पुढे ‘अपना बाजार’ झाला आणि उपनगरांतही पोचला. 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून, दुकानाशिवायच, महिन्याचा किराणा एकत्र आणून वाटून घेण्याची पद्धत रुजविली. यावर कोणी चित्रकथा काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही. त्यात खजिना नाही, दरोडा नाही, मूर्ख गडी नाही. तराजू आहे, हिशेबाची वही आहे आणि वाटपाच्या दिवशी जिन्यात बसून डाळ मोजणाऱ्या बायका आहेत. ‘अमर चित्रकथे’ने उद्योगपतींची चरित्रे काढली, तिचे कार्यालय काही काळ अंधेरीच्या मरोळ भागातच होते. तेथून हाकेच्या अंतरावर चित्रकारांना विषय मिळाला असता.

उपनगरांतील आपल्या शाखांनी आता पुढील मागणी घेऊन उभे राहावे. दुकान कायद्यातील संख्येची मर्यादा, दहाची असो वा विसाची, समूळ काढून टाका. एक गडी असला तरी कायदा लागू करा. साप्ताहिक सुट्टी आणि नऊ तास पुन्हा प्रत्येक दुकानाला बांधा, बिनपाटीच्या कोठारांसकट. प्रत्येक गड्याला धन्याच्या सहीचे ओळखपत्र मिळाले पाहिजे, म्हणजे तो निदान एका कागदावर तरी असेल. मराठी पाटीच्या तपासणीस जाणाऱ्या पथकाबरोबर कामगार खात्याचा निरीक्षक गेलाच पाहिजे, आणि पाटी पाहून झाल्यावर त्याने आत जाऊन पोटमाळ्याची शिडी चढली पाहिजे. ही मागणी प्रथम व्यापारी संघटनांच्याच सभेत, दुकानदारांच्या तोंडावर, मांडावी; आणि सभेची वेळ रात्री साडेदहानंतरची ठेवावी, कारण त्याआधी पोऱ्याला येता येणार नाही.